घरची एस्प्रेसो : दुपदरी बास्केट की एकपदरी?

नवं एस्प्रेसो मशीन घेतलं की पहिल्या महिन्यात प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो : कॉफी बरी होतेय, पण कॅफेसारखी का लागत नाही? मग लोक आणखी महाग मशीन बघू लागतात. माझं म्हणणं, आधी बास्केट, म्हणजे मशीनमध्ये पूड भरायची छिद्रांची धातूची वाटी, उजेडाकडे धरून बघा. चाळणीसारखी शेकडो छिद्रं आरपार दिसली तर ती एकपदरी. तळाला बाहेरून एकच बारीक छिद्र असेल तर दुपदरी. घरगुती स्वस्त मशीनसोबत बहुतेक वेळा दुपदरीच येते.

फरक दाबाचा आहे. एस्प्रेसो म्हणजे गरम पाणी दाबाने पुडीतून ढकलून काढलेली दाट कॉफी, तिला साधारण ९ बार (दाबाचं एकक) दाब लागतो. (खोक्यावर १५ किंवा २० बार लिहिलेलं असतं ती पंपाची कमाल ताकद, तिच्यावर जाऊ नका.) एकपदरीत हा दाब पुडीमुळे तयार होतो. पूड बारीक आणि नीट दाबलेली असेल तरच ती पाण्याला अडवते. दुपदरीत अडवायचं काम ते एकटं छिद्र करतं. त्यामुळे पूड जाडसर असो, कशीही दाबलेली असो, वर फेस येतोच. तो फेस म्हणजे क्रेमा, चांगल्या एस्प्रेसोवर येणारा दाट तांबूस थर, नव्हे. त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि कप टेबलावर येईपर्यंत विरतात.

म्हणून दुपदरी वाईट का? अजिबात नाही. घरात बिया दळायचा ग्राइंडर नसेल, दुकानातून दळलेली पूड येत असेल, आणि सकाळी आठच्या गडबडीत दोन कप दुधाची कॉफी करायची असेल, तर दुपदरीच वापरा. अशी पूड एकपदरीत घातलीत तर दहा सेकंदांत पातळ, आंबट पाणी खाली येईल. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात बिया फिरवणं हाही उपाय नाही. त्यात अर्धी पूड पिठासारखी होते, अर्धी रव्यासारखी.

पण हात सुधारायचा असेल, तर दुपदरी काहीच शिकवत नाही. चूक झाली तरी कॉफी तशीच, बरोबर केलं तरी तशीच. एकपदरी प्रत्येक चूक डोळ्यांसमोर दाखवते, आणि मला ती त्यासाठीच आवडते. माझा पहिला शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, १२ सेकंदांत संपला. ग्राइंडर दोन खुणा बारीक केला, तर ४५ सेकंद नुसते थेंब. एक खूण मागे आलो. सातव्या सेकंदाला पहिला काळपट थेंब, मग मधासारखी संथ धार, हळूहळू तांबूस होत गेलेली. २८ सेकंद. त्या घोटात पहिल्यांदा कॉफीचा गोडवा कळला. तोपर्यंत मी साखर घालून पीत होतो.

एकपदरीकडे वळणार असाल तर मोजमाप धरा : १६ ग्रॅम पूड, कपात ३२ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवाच, चमच्याचा अंदाज इथे चालत नाही. लवकर संपून आंबट लागली तर बारीक दळा, रेंगाळून कडवट झाली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. धार एका बाजूने फवाऱ्यासारखी उडाली तर पाण्याने पुडीत वाट फोडली असं समजा. त्यावर मी बाटलीच्या बुचात टोचलेल्या चार बारीक सुयांनी दाबण्याआधी पूड ढवळून गुठळ्या मोडतो. टॅम्परवर (पूड दाबायच्या ठोकळ्यावर) जोर लावण्यापेक्षा तो सपाट बसणं महत्त्वाचं.

खर्चाचं बोलायचं तर बास्केट किरकोळ, खरा पैसा ग्राइंडरला. हाताचा घ्यायला हरकत नाही, फक्त त्याच्या खुणा एस्प्रेसोला पुरतील इतक्या जवळजवळ आहेत का ते विचारून घ्या. फिल्टर कॉफीला छान चालणारे कित्येक ग्राइंडर इथे अडतात, एक खूण जाड आणि पुढची एकदम बारीक. मशीन आणि ग्राइंडर यांत पैसे वाटायचे असतील तर मी डोळे झाकून ग्राइंडरकडे झुकेन. बास्केट घेताना व्यास तपासा, ५१, ५४ आणि ५८ मिमी एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

बिया भाजल्याची तारीख छापलेल्याच आणा. चिकमगळूर, कुर्गच्या ताज्या बिया आता घरपोच मिळतात. भाजल्यावर आठवडाभर थांबून मग वापरल्या तर धार जास्त स्थिर येते. चिकोरी मिसळलेली पूड मात्र नको, सुधारलेल्या हाताची चव तिच्याखाली झाकून जाते.

२५० ग्रॅमच्या पिशवीत १६ ग्रॅमचे पंधरा शॉट होतात. त्यातले पहिले चार-पाच दळण बसवण्यातच जाणार, हे धरूनच सुरुवात करा. ते ओतून देऊ नका, गरम दूध आणि थोडा गूळ घातला की चांगले लागतात. दूध मात्र गॅसवरून उतरवून, जरा निवल्यावरच गूळ घाला, नाहीतर फाटेल.