शिवाजी पार्कचा उन्हाळा: न खेळणाऱ्यांच्या नजरेतून चार महिन्यांचा अनुभव

दादरच्या शिवाजी पार्कविषयी क्रिकेट आणि जाहीर सभा या दोन अंगांनी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. जो माणूस तिथे खेळत नाही, भाषण ऐकायलाही जात नाही, पण ज्याला उन्हाळ्यात दोन खोल्यांच्या घराबाहेर तासभर बसायला, चार पावले चालायला आणि मुलांना मोकळे सोडायला जागा हवी आहे, त्याला हे मैदान कितपत उपयोगी पडते, एवढाच प्रश्न समोर ठेवून मी हे लिहीत आहे. 2025 च्या जानेवारीअखेर आम्ही माहीमच्या बाजूला राहायला आलो. घरात आम्ही दोघे, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत आम्ही तिघी जवळजवळ रोज तिथे होतो. मात्र तिघींनी ते मैदान तीन तऱ्हांनी वापरले, त्यामुळे तिघींचे मतही एक नाही.

मैदानाचा पसारा सुमारे 28 एकरांचा आहे. महापालिकेने ते 1925 साली लोकांसाठी खुले केले आणि 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. त्याची खरी सार्वजनिक सोय मात्र मैदानात नसून त्याच्या कडेने फिरणाऱ्या, एक किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीच्या कट्ट्यात आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. या कट्ट्यावर बसायला तिकीट लागत नाही, सभासदत्व लागत नाही, काही विकत घ्यावे लागत नाही आणि किती वेळ बसलात असे कोणी विचारत नाही. पहाटे फेऱ्या मारणारे त्यावर पाय टेकवून स्नायू ताणतात, दहाच्या सुमारास पेपर वाचणारे निवृत्त गृहस्थ येतात, भर दुपारी झाडांच्या सावलीत डिलिव्हरीवाली मुले डबा उघडतात, आणि संध्याकाळी तर कॉलेजची मुले, आया, आजोबा आणि नुकतेच लग्न ठरलेली जोडपी यांच्यात जेमतेम वीतभर अंतर ठेवून सगळे मावतात. मुंबईत ज्याला घर लहान पडते त्याला हॉटेलात बसायचे झाले तर दर अर्ध्या तासाला काहीतरी मागवावे लागते. हे ध्यानात घेतले की एका साध्या बांधीव कडेची किंमत कळते.

कट्ट्याच्या सर्व बाजू मात्र सारख्या नाहीत. जिथे पर्जन्यवृक्षांची छत्री रस्त्यावरून मैदानापर्यंत पसरली आहे, तिथे मार्चच्या दुपारीही बसता येते. जिथे झाडे विरळ आहेत, तिथला कट्टा तीन वाजेपर्यंत असा तापतो की ऊन कलले तरी दोन तास त्यावर टेकवत नाही. सावलीच्या जागेलाही एक किंमत आहेच. एप्रिलमध्ये पर्जन्यवृक्षाच्या काळ्या, चिकट शेंगा खाली पडतात आणि न बघता बसले की कपड्यांना लागतात. जाणते लोक बसण्यापूर्वी हाताने नव्हे तर घडी घातलेल्या वर्तमानपत्राने जागा झाडतात. ही रीत मी आठवडाभरात उचलली.

उन्हाळ्यात इथे कधी यावे, हे पूर्णपणे वाऱ्यावर अवलंबून असते. मैदानापासून समुद्र काही मिनिटांच्या अंतरावर आहे आणि एरवी दुपारच्या आत समुद्रावरून वारा सुरू होऊन हवा सुसह्य होते. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून येणारे कोरडे वारे जोर धरतात. तेव्हा समुद्री वारा उशिरा पोहोचतो आणि तोपर्यंत पारा चढत राहतो. 2025 च्या फेब्रुवारीच्या अखेरीस सांताक्रूझला तापमान 38 अंशांच्या वर गेले, त्या दिवसांत दुपारी कट्ट्यावर कोणी फिरकत नव्हते. एप्रिल-मेमध्ये पारा त्यापेक्षा खाली असतो, पण दमटपणामुळे घामाच्या धारा लागतात. तेव्हा सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी साडेसहानंतर, या दोनच वेळा मनापासून सुचवण्याजोग्या आहेत. मधली वेळ फक्त सावलीतल्या कट्ट्याची.

मुलीच्या बाबतीत या मैदानाने आमच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक दिले, आणि त्याचे श्रेय मैदानाच्या कडेला असलेल्या समर्थ व्यायाम मंदिराला आहे. ही संस्था 1925 सालचीच. पद्मश्री मिळालेले मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे आणि 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच परिसरात झाली. सुट्टीच्या शिबिरात तिचे नाव घातले तेव्हा शाळा नाही म्हणून मूल कुठेतरी गुंतावे, एवढाच आमचा हिशेब होता. पहिल्या काही दिवसांत ती दोरीच्या मल्लखांबावर हातभरही वर गेली नाही. दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात पकडून अंगाचा भार त्यावर तोलायचा असतो; घरी आल्यावर त्या बेचक्यात लाल वळ दिसत आणि सासूबाई त्यावर खोबरेल तेल लावता लावता म्हणत, "अगं, हे काय शिकवतात की शिक्षा करतात?" दुसऱ्या आठवड्यात ती दोरीवर पद्मासन घालून बसली. पुरलेल्या मल्लखांबाला लावतात त्या एरंडेल तेलाचा वास तिच्या कपड्यांना महिनाभर येत होता आणि तो धुऊनही जात नव्हता, ही एक बारीकशी तक्रार. गर्दी भरपूर असते, पालकांना उभे राहायला जागा अपुरी पडते; परंतु मोठी मुले लहानांना खालून आधार देत शिकवतात, आणि मला शिबिरातला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटला. वातानुकूलित सभागृहांतल्या 'समर कॅम्प'चे दर ऐकल्यावर तर ही शिबिरे म्हणजे पर्वणीच आहे.

सासूबाईंचे मैदान वेगळे. उद्यान गणेशाचे दर्शन, मग ज्येष्ठांसाठी राखलेल्या नाना-नानी पार्कात बैठक, आणि परत येताना कोथिंबिरीची जुडी, असा त्यांचा क्रम ठरून गेला. त्या साताऱ्याकडच्या. मुंबईत चार दिवसांच्या वर कधी राहिल्या नव्हत्या आणि शेजारी कोणी ओळखीचे नाही म्हणून परत जायचा धोशा लावून होत्या. मार्च संपेपर्यंत त्यांना तिथे सात-आठ मैत्रिणी मिळाल्या होत्या, कैरीचे लोणचे कोणाच्या पद्धतीने घालायचे यावर दोन तट पडले होते, आणि एके दिवशी त्या आल्या नाहीत तर तीन फोन आले. ज्येष्ठांसाठी वेगळी जागा राखावी की त्यांना सर्वांत मिसळू द्यावे, यावर मतभेद असू शकतात. मला स्वतःला आधी ती कल्पना काहीशी बाजूला बसवल्यासारखी वाटत असे. मात्र ज्या बाईला चेंडूची भीती वाटते आणि ऐकू थोडे कमी येते, तिला चार भिंती नसलेला एक निवांत कोपरा लागतोच, हे आता मान्य आहे.

चेंडूची भीती मात्र अनाठायी नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत या मैदानावर किती खेळ एकाच वेळी चालतात याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणार नाही. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला पाठ लावून उभा असतो, शेजारी तिसऱ्याच कोणाची नेट्स लागलेली असतात, आणि तरीही ज्याचा चेंडू त्याच्याकडे बिनचूक परत जातो. ही शिस्त कोणी लिहून ठेवलेली नाही. सचिन तेंडुलकर यांना घडवणारे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचे अनावरण डिसेंबर 2024 मध्ये पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वारापाशी झाले. किटबॅग पाठीवर घेतलेली मुले जाता जाता तिथे क्षणभर थांबतात, हे मी रोज पाहत असे. परंतु याच सुट्टीत एका खासगी प्रशिक्षण शिबिराने आपली नेट्स चालणाऱ्यांच्या वाटेला इतकी चिकटवून लावली होती की दोनदा चेंडू जाळीखालून निसटून पायात आला. सांगितल्यावर "इथून कशाला चालता?" हे उत्तर मिळाले. मैदानात खेळणाऱ्याचा हक्क पहिला, हे मान्य करूनही वाट ही वाटच राहिली पाहिजे.

आता धुळीविषयी, कारण या मैदानाची सर्वांत मोठी आणि जुनी अडचण तीच आहे. मैदानावर लाल माती आहे आणि गवत जवळजवळ नाही. उन्हाळ्यात ती माती सुकून पिठासारखी होते, दिवसभर शेकडो पाय तिला कुटत राहतात, आणि संध्याकाळी ज्या समुद्री वाऱ्यासाठी आपण बाहेर पडतो तोच वारा ती उचलून पूर्वेकडच्या घरांत नेऊन टाकतो. म्हणजे हवा सुखाची होण्याची वेळ आणि धूळ उडण्याची वेळ एकच. पूर्वेच्या अंगाला राहणाऱ्या एका बाईंनी मला खिडकीच्या गजावरून बोट फिरवून दाखवले; सकाळी पुसलेल्या गजावर तांबूस थर होता. पाणी मारले जाते तेव्हा तास-दोन तास फरक पडतो, पण एप्रिलच्या उन्हात ते टिकत नाही. माती काढावी, गवत लावावे, की दोन्ही करावे, यावर वर्षानुवर्षे खल चालू आहे. माझ्या मते गवताशिवाय इलाज नाही, आणि गवत हवे असेल तर मैदानाचे काही भाग आळीपाळीने विश्रांतीसाठी बंद ठेवावे लागतील, ज्याला खेळणारे, सभा घेणारे आणि आमच्यासारखे फिरणारे, कोणीच सहजी राजी होणार नाही. सासूबाईंना मार्चमध्ये खोकला झाला, तेव्हापासून त्या पाच ते साडेसहाची वेळ टाळून एक तर आधी जातात किंवा नंतर.

स्वच्छतागृहांबाबत थोडक्यात सांगते: बायकांनी आणि लहान मुलांच्या आयांनी घरून जाऊन यावे. आम्ही वापरलेल्या ठिकाणी संध्याकाळी पाणी नसणे आणि कडी नसणे, या दोन्ही गोष्टी इतक्या वेळा घडल्या की आम्ही तो नादच सोडला. पिण्याचे पाणीही बरोबर ठेवावे.

मैदानाला जोडून आणखी दोन सोयी आहेत. चैत्यभूमीजवळ, पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या वाहिनीच्या मुखावर बांधलेला सज्जा 2022 साली खुला झाला. सूर्यास्ताला तिथे वारा असतो, धूळ नसते, आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू समोर दिसतो. आमच्या घरात जो कोणी मैदानाला कंटाळतो तो तिकडे जातो. दुसरी सोय महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावाची. महापालिका तिथे उन्हाळ्यात 21 दिवसांचे शिकवणी वर्ग घेत आली आहे आणि जागा पटकन भरतात, म्हणून नोंदणीच्या तारखेवर आधीपासून लक्ष ठेवावे लागते. (2023 च्या ऑक्टोबरात याच तलावात मगरीचे पिल्लू सापडले होते, मुलीला ही बातमी कळल्यापासून ती पोहायला शिकायला भलतीच उत्सुक आहे.)

2025 च्या मे महिन्याचा हिशेब वेगळा लागला. महाराष्ट्र दिनाचे संचलन इथे होते, त्यामुळे एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत तयारीसाठी मैदानाचा बराच भाग अडतो आणि खेळणारी मुले उरलेल्या कोपऱ्यात दाटीवाटी करतात. ज्यांना हे ठाऊक नसते ते उपनगरांतून मुलांना घेऊन येतात आणि हिरमुसले होतात. त्यानंतर आठवडाभरातच अवकाळी सरी आल्या, धूळ बसली आणि मैदानाचे काही दिवस अक्षरशः सोन्याचे गेले. आजूबाजूच्या रस्त्यांवरच्या सोनमोहराचा पिवळा सडा ओल्या कट्ट्याला चिकटून राहत होता. 26 मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर तो याआधी कधी आल्याची नोंद नाही, आणि आमचा उन्हाळा ठरल्यापेक्षा दोन आठवडे आधीच आटोपला. लाल मातीचा चिखल झाला की लहान मुलांना आवरणे अवघड असते, पण फुटबॉल खेळणाऱ्यांचे दिवस तिथूनच सुरू होतात.

बाहेरून येणाऱ्यांनी गाडी आणण्याचा विचार सोडून द्यावा. संध्याकाळी भोवतालच्या रस्त्यांवर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि लावलीच तर परतताना ती निघत नाही. दादर स्थानकाच्या पश्चिमेकडून रानडे रोडने चालत यावे, किंवा 2025 च्या मेमध्ये भुयारी मेट्रोचे दादर स्थानक सुरू झाले आहे ते वापरावे. शिवसेना भवनाजवळ 'प्रकाश' या उपाहारगृहात पियूष घेऊन मग मैदानाकडे वळावे. रांग असते, पण ती पुढे सरकते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी सकाळचीच वेळ धरावी आणि पश्चिमेच्या बाजूला, म्हणजे वारा ज्या अंगाने मैदानात शिरतो तिकडे बसावे. संध्याकाळी पूर्वेच्या कट्ट्यावर त्यांनी बसूच नये.