औट्रम घाट की तोरणमाळ?

राहायला चाळीसगावात, म्हणून सायकलवर चढाचा सराव करायला माझा रोजचा घाट औट्रमच, म्हणजे कन्नडचा. घरातून पहाटे पाचला निघालं, दोन वेळा चढून-उतरून आलं तरी ऑफिस गाठता येतं. चढ फार लांब नाही, म्हणून जोर लावून चढायचे, पुन्हा उतरायचे असे फेरे इथे छान होतात. त्रास वाहनांचा. वळणावर मागून हॉर्न वाजला की पायातली लय जाते ती जातेच.

तोरणमाळची गोष्टच वेगळी. शहाद्याकडून सातपुड्यात शिरायचं आणि सुमारे ११५० मीटर उंचीवरचं पठार गाठायचं. सपाटीवर ऐटीत पुढे गेलेले गडी सातपायरी घाटात एकेक करून मागे पडतात; मीही पडलोय. इथे जोर कामाचा नाही, हलका गिअर आणि धीर लागतो. मागच्या चाकाला ३२ दातांची कॅसेट (गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, सर्वांत मोठी ३२ दातांची) बसवली तेव्हा कुठे गुडघे गप्प बसले. वर यशवंत तलावाशी सायकल टेकवून केळी खाण्यासारखं सुख नाही. पण पहिल्यांदा येणारे उतरणीला ब्रेक सतत दाबून धरतात, रिम तापते. थोडा दाबायचा, सोडायचा.

मे महिन्यात मात्र दोन्हीकडे सकाळी नऊनंतर नकोच, खानदेशचं ऊन आहे ते.

पुणे-गोवा डेक्कन क्लिफहँगरसारख्या लांब सायकल शर्यतीची तयारी असेल, तर मी महिन्यातून एक रविवार तोरणमाळलाच देईन. एरवी औट्रम, हॉर्नसकट.