आधी कुणाचे फेडायचे? दंडाचे, व्याजाचे का माणसांचे

माझ्यावर एकूण ३८,२०० रुपये झालते. छत्रपती संभाजीनगरला बेगमपुऱ्यात रूम, विद्यापीठात एमएचं पहिलं वर्ष, गाव जिंतूरकडं, घरून महिन्याला ७,००० यायचे अन् दोन घरी नववी-दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन ४,००० सुटायचे. म्हणजे ११,००० हातात येत होते आणि तरी अधूनमधून कमीच पडायचे, ते इकडून तिकडून उचलायचे, असं करत वर्षभरात एवढं साचलं. ज्याच्यावर अशीच तीन-चार ठिकाणची देणी आहेत आणि फेडायला महिन्याला दोन-तीन हजारच निघतात, त्याच्यासाठी हे लिहायलोय.

कुणाचे किती ते आधी सांगतो, पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे. मोबाईलचे १,८५० चे आठ हप्ते राहिलेले, म्हणजे १४,८००. एका लोन ॲपचे १०,०००. आत्ता घ्या नंतर द्या वाल्या खात्याचे ४,६००. रूम पार्टनर मित्राचे हातउसने ६,०००. मेसचे थकलेले २,८००. यातला मोबाईल बाजूला ठेवा, तो खात्यातून आपोआप कटतो आणि तो चुकला की बँकबी दंड लावते अन् फायनान्सवालेबी, त्यामुळं तो वेळेवर चालू द्यायचा, त्यात हुशारी करायची नाही. राहिले २३,४००. आणि खर्च आवळून मला महिन्याला ३,००० काढता येत होते, ते कसे ते खाली येईलच.

आता हे ३,००० आधी कुणाला? दोन रस्ते लोक सांगतात. एक, सगळ्यात लहान देणं आधी संपवायचं, यादीतलं नाव खोडलं की हुरूप येतो, मग त्याच्या वरचं. दुसरा, ज्याचं व्याज जास्त ते आधी, बाकीच्यांना थांबवायचं. दोन्ही ऐकायला बरोबरच वाटतात, पण माझी पहिली चूक ही झाली की व्याज जास्त कुणाचं हेच मला नीट माहीत नव्हतं.

ॲपवर लिहिलेलं होतं दिवसाला ०.१ टक्का. वाचताना काहीच वाटत नाही. पण दिवसाला ०.१ म्हणजे महिन्याला ३ आणि वर्षाला ३६ टक्के झाले, आपल्या गावाकडच्या भाषेत शेकडा तीन. शेकडा तीननं पैसे उचलले असं कुणी घरात सांगितलं तर त्या दिवशी घरातली माणसं नीट जेवत नाहीत, अन् मी तेच पैसे झोपल्या झोपल्या मोबाईलवर बोट ठेवून घेतलते. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली डिजिटल कर्जाचे नियम काढले, त्यात कर्ज द्यायच्या आधी सगळे चार्ज धरून वर्षाचा दर किती पडतो ते एका कागदावर द्यायचं बंधन आहे. तो कागद मलाबी आला होता, पीडीएफ होता, मी उघडला नाही. तुम्ही उघडा.

आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या लई उशिरा लक्षात आली. त्या नंतर द्या वाल्याचं व्याज शून्य, फक्त उशीर झाला की महिन्याला २५० दंड. म्हणून मी त्याला कायम मागं ठेवायचो, म्हणलं याला व्याज नाही. पण ४,६०० वर २५० म्हणजे साडेपाच टक्क्याच्या जवळ जातं महिन्याला! ॲपपेक्षाबी महाग. वरून बाकी कमी होत गेली तरी दंड तेवढाच राहतो, म्हणजे टक्का वाढतच जातो. तेव्हा वहीत हे एकच गणित मांडा, प्रत्येक देण्यापायी महिन्याला किती रुपये जातात ते लिहा अन् त्याला बाकीनं भागा. मगच कोणतं महाग ते कळतं.

आता दोन्ही रस्ते शेजारी शेजारी ठेवून बघू. ॲपवाल्याकडं निदान महिन्याचं व्याज भरलं तर मुद्दल पुढं ढकलता येत होतं, त्यामुळं ते व्याज अन् हे २५० दोन्हीकडं धरलेत, त्यातून उरेल ते फेडीला. लहान आधी या रस्त्यानं मेस, मग नंतर द्या वाला, मग मित्र, मग ॲप. यात चार महिने दंड बसतो आणि ॲपचे १०,००० सहाव्या महिन्यापर्यंत जागचे हलत नाहीत, दर महिन्याला ३०० नुसते व्याजाला. एकूण नऊ महिने लागतात आणि वरचे, म्हणजे व्याज अन् दंड मिळून, जातात ३,२८७ रुपये. महाग आधी या रस्त्यानं नंतर द्या वाला दुसऱ्या महिन्यात संपतो, मग ॲप सहाव्या महिन्यात, मग मेस, मग मित्र. लागतात नऊच महिने पण वरचे जातात १,७६७. म्हणजे १,५२० चा फरक. नऊ महिन्यांत १,५२० काही लई नाहीत असं वाटेल, पण मला फेडीला निघणाऱ्या पैशातले ते निम्म्या महिन्याचे झाले.

तर मग महागच आधी, विषय संपला? नाही. कारण त्या रस्त्यात मेसवाल्या काकूंना सहाव्या महिन्यापर्यंत एक रुपया जात नाही. आणि त्या काकू माझ्या २,८०० वर तेल, डाळ, गॅस आणत होत्या. ॲपवाल्याला उशीर झाला तर तो दंड लावून मोकळा, काकूंना उशीर झाला तर त्यांनी किराणावाल्यापुढं मान खाली घालायची, आणि मी रोज दोन टाइम त्यांच्याच ताटात जेवणार. मला ते जमलं नाही. म्हणून मी मधला रस्ता धरला, आधी नंतर द्या वाला, मग मेस, मग ॲप, मग मित्र. तिसऱ्या महिन्यात मेस फिटली. याचे वरचे गेले २,०७९, म्हणजे सगळ्यात स्वस्त रस्त्यापेक्षा ३१२ रुपये जास्त. ते ३१२ रुपये मी आनंदानं दिले.

मित्राचं शेवटी ठेवलं ते त्याला विचारून. एवढं जपा, मित्राचं व्याज नसतं म्हणून त्याला न विचारता शेवटी ढकलू नका. मी त्याला सरळ म्हणलं, बाबा तुला हे पैसे कधी लागणारेत ते सांग. तो म्हणला पुढच्या वर्षीच्या फीला. म्हणून सातव्या महिन्यापासून द्यायचं ठरलं, तारीख लिहून दिली. त्यानं जर तिसरा महिना सांगितला असता तर मी ॲपच्या आधी त्याचे दिले असते, ३०० चं व्याज सोसून.

आता खर्चाकडं. रूमवर राहणाऱ्या पोरात कायम एकच वाद असतो, मेस लावावी का रूमवर करून खावं. माझी दोन टाइमची मेस २,६०० ला होती. रूमवर तिघांनी मिळून केलं तर माणशी १,६०० च्या आसपास येतं, कारण ज्वारीचं पीठ, येसर (आमटीला लावायचं भाजक्या धान्याचं मसाल्याचं पीठ), काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी घरून येते, विकत घ्यायचा फक्त गॅस, तेल, भाजी. कागदावर हजार रुपये वाचतात. पण परीक्षेच्या महिन्यात कोणीच करत नाही, अन् तिघं एकमेकांकडं बघत बसतात आणि शेवटी नऊ वाजता बाहेर जाऊन दीडशेचं खाऊन येतात, हे आमच्याकडं तीनदा झालं. आणि ज्याला भाकरी थापता येत नाही त्यानं पोळ्या विकत आणायला लागलं की ते हजारबी राहत नाहीत. शेवटी मी दुपारची एक टाइम मेस ठेवली १,४०० ला, रात्री रूमवर कधी पिठलं, कधी येसराची आमटी अन् भात, कधी नुसता सुशीला, मुरमुरे भिजवून पंधरा मिनिटांत होतो. त्याचे माणशी ६०० पडले. म्हणजे २,०००, वाचले ६००. बस तेवढेच. मेस सोडणार नसाल तर निदान गावाकडं जाताना खाडा, म्हणजे इतके दिवस जेवणार नाही असं, सांगून जा, आमच्या मेसमधले अर्धे पोरं सांगतच नव्हते.

खरी गळती जेवणात नव्हतीच. एका रात्री बँकेचं महिन्याचं स्टेटमेंट काढलं आणि १०० रुपयांच्या आतले सगळे व्यवहार पेनानं खूण करत गेलो. ८३ निघाले. बेरीज ३,९००. चहा, ज्यूस, शेअरिंग रिक्षा, अभ्यासिकेखालची टपरी, कुणाचातरी बड्डे, परत चहा. त्यातला एकबी खर्च मला उधळपट्टी वाटला नसता, तुम्हालाबी वाटणार नाही.

मग इथं परत दोन पर्याय, रोकड का यूपीआय. रोकडीचं मी आधी करून बघितलं, दर सोमवारी तीन-चारशे काढायचे, संपले की संपले. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच वेळा फुकट काढता येतात, त्यामुळं आठवड्याला एकदा काढायला अडचण नाही, त्याच्या वर गेलं की २०२५ च्या मेपासून एका वेळेला २३ रुपयांपर्यंत चार्ज बसू शकतो. नोट मोडताना हात थांबतो हे खरंय. पण रोकड खिशात दिसली की रूमवरचे मागतात आणि नाही म्हणता येत नाही, अन् सुट्ट्यांचा वैताग. काही जण यूपीआय लाइट सांगतात, त्यात ठरावीक पैसे टाकायचे अन् पिन न टाकता द्यायचे. मी हात आखडायला बसलेल्या माणसाला ते सांगणार नाही, कारण एक तर पिनचा तेवढा अडथळाबी जातो, अन् दुसरं म्हणजे लाइटमधले व्यवहार बँकेच्या स्टेटमेंटला एकेक दिसत नाहीत, फक्त भरलेली रक्कम दिसते. म्हणजे ते ८३ मला सापडलेच नसते.

मला जमलं ते दोन खात्यांचं. घरचे पैसे अन् शिकवणीचे पैसे एका खात्यात, मोबाईलचा हप्ताबी तिथूनच कटतो, पण त्या खात्याचं यूपीआय मोबाईलमधून काढून टाकलं. दुसरं जुनं शिष्यवृत्तीचं झिरो बॅलन्सचं खातं होतं, यूपीआय फक्त त्याला, आणि दर सोमवारी तिकडं ३५० पाठवायचे. दिवसाचे ५० पडतात. पहिले तीन आठवडे गुरुवारीच संपले, शुक्रवार-शनिवार टपरीवर गेलोच नाही, चौथ्या आठवड्यापासून पुरायला लागले. ज्याचं एकच खातं आहे आणि दुसरं काढायला जमत नाही त्यानं रोकड धरावी, लाइटपेक्षा ती कधीबी बरी. मेसचे ६०० अन् ही गळती बंद झाल्यावर महिन्याला ३,००० निघाले ते असे.

शेवटचं ठरवायचं असतं ते लई अवघड, घरी सांगायचं का सगळं मिटवायला एक मोठं कर्ज घ्यायचं. एका मित्रानं असं दुसऱ्या ॲपवरून घेतलं, चार देण्यांचं एक झालं म्हणून महिनाभर बरं वाटलं, पण सवयी त्याच, जुनी लिमिट परत मोकळी झालेली, सहा महिन्यांत त्याच्याकडं नवंबी आणि जुनंबी. व्याज खरंच निम्म्यावर येत असेल आणि जुनी खाती त्याच दिवशी बंद करणार असाल तरच तो विचार करा. नाहीतर नको.

घरी सांगायला मी चार महिने लावले. कारण डोक्यात एकच, सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे ॲपचे १०,००० म्हणजे जवळपास दोन क्विंटल. अन् तो भाव प्रत्येकाच्या पदरात पडतोच असं नाही. अण्णांना फोनवर सांगितलं, ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच विचारलं, कुणाचे अन् काय व्याजानं. शेकडा तीन म्हणल्यावर त्यांना सगळं समजलं, मला समजायला जेवढे महिने लागले तेवढे त्यांना लागले नाहीत. मी पैसे मागितले नाहीत, फक्त सांगितलं. घरी सांगायचे तोटे आहेतच, काळजी लागते, प्रत्येक फोनला विचारणा होते. पण सांगितलं नाही तर वसुलीवाल्याच्या फोनची भीती एकट्यानं सहन करावी लागते आणि त्या भीतीतच माणूस नवीन कर्ज काढतो. ज्यांच्या घरची परिस्थिती अशीय की सांगून भांडणच होणार, त्यांनी निदान मोठी बहीण, मामा, कुणीतरी एक जण बघा.

वसुलीवाल्याचा विषय निघालाच तर, सकाळी ८ च्या आधी अन् संध्याकाळी ७ च्या नंतर त्यांनी फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ॲपला तुमच्या मोबाईलमधली नंबरांची यादी बघायला परवानगी नाही. बघत असेल, मित्रांना फोन करत असेल तर कर्ज देणाऱ्या कंपनीकडं लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत, १४४४८ ला फोन करून विचारताबी येतं. तक्रार केली म्हणून कर्ज माफ होत नाही, पण छळ सोसायची गरज नाही.

सहाव्या महिन्यात ॲपची बाकी शेवटचे १,४३६ राहिलती, सातव्यात भरले. भरल्यावर ॲप नुसतं काढून टाकू नका. आधी कर्ज बंद झाल्याचं पत्र मागा, पीडीएफ मेलवर घ्या, स्क्रीनशॉटवर भागवू नका, मग लिमिट बंद करायला लेखी सांगा, आणि महिन्याभरानं आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या सगळ्या कर्जांची नोंद, काढून तिथं ते खातं बंद दिसतंय का बघा, असा रिपोर्ट देणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. माझ्या रिपोर्टवर ते पहिल्यांदा चालूच दिसत होतं, ते पत्र जोडून तक्रार टाकली तेव्हा दुरुस्त झालं. अन् ॲपचे शेवटचे भरले त्याच आठवड्यात मित्राला पहिले १,५२१ दिले.