फोर्टातला छोटा कॉकटेल बार: टेबल नको, काउंटरच मागा

हॉर्निमन सर्कलच्या मागच्या गल्ल्या ऑफिसं सुटली की एकदम शांत होतात, तिथल्याच एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर हा बार आहे, धड बोर्ड पण नाही, जड लाकडी दार आणि वर एक पिवळा दिवा, त्यामुळे पहिल्यांदा जाल तर कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारून घ्या. आत जेमतेम पंचवीस-तीस माणसं मावतील. दिवे मंद आहेत पण मेनू वाचता येतो, आणि गाणी इतक्याच आवाजात लावतात की शेजारी बसलेल्याशी नीट बोलता येतं. या शहरात मनासारख्या गप्पा मारता येतील असा बार मिळणं किती कठीण झालंय ते जे जातात त्यांना माहितीये.

मी वहिनीबरोबर गेले होते. वहिनी पीत नाही. एरवी न पिणाऱ्याच्या नशिबी फ्रेश लाइम सोडा, नाहीतर मॉकटेल म्हणून सिरप घातलेलं रंगीत पाणी. इथे बारटेंडरने तिलाच आधी विचारलं, "ताई, आंबट आवडतं का गोड? तिखट थोडं चालेल?" आणि मग कोकमाचं आगळ, आल्याचा रस, ठेचलेली हिरवी मिरची असं शेक करून, दोनदा गाळून, वर सोडा घालून माझ्यासारख्याच नाजूक ग्लासात दिलं. वहिनी मालवणची, एक घोट घेऊन म्हणाली, "हे बाजारातलं आगळ नाही हां." तो खूश! कुडाळहून मागवतो म्हणाला, आणि पुढची दहा मिनिटं दोघांची कोकमं किती दिवस उन्हात ठेवायची यावरच चर्चा. मला तर इथेच बार आवडून गेला, कारण न पिणाऱ्या माणसाला तेवढ्याच मनापासून करून देतात.

मी घेतलं कोकमचं मिल्क पंच. नाव वाचून दाट काहीतरी येईल असं वाटतं, पण येतं ते एकदम नितळ, फिकट गुलाबी. जिन, कोकम आणि लिंबू हे मिश्रण दुधात ओततात, आंबटपणामुळे दूध फाटतं, मग ते रात्रभर फडक्यातून सावकाश गाळायचं. चोथ्यात तुरटपणा अडकून राहतो आणि खाली उतरतं ते इतकं मऊ लागतं की जिन कुठे गेली कळत नाही (म्हणूनच हळू प्या). दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र आधी सांगा, दिसायला पाणी असलं तरी दूध वापरलेलं असतं. दुसरं गिमलेट, म्हणजे जिन आणि लाइम कॉर्डियल (लिंबाचं गोड सिरप), आणि ते कॉर्डियल बाटलीतलं नाही, लिंबाच्या साली साखरेत मुरवून इथेच करतात, सालीचा वास नाकात आधी येतो. बर्फाचा एकच मोठा ठोकळा, काचेसारखा आरपार, हळू वितळतो त्यामुळे शेवटचा घोट पण पाणचट नाही.

खाण्यात जवळ्याची चटणी लावलेला टोस्ट घ्याच. चिकन विंग्ज सोडा, कोरडे होते, आणि गर्दी वाढल्यावर किचन फार हळू चालतं, आम्ही अर्धा तास वाट बघितली.

कॉकटेल साडेसातशे ते नऊशे. स्वस्त नाहीच, त्यात नोव्हेंबर 2023 पासून बारमधल्या दारूवर व्हॅट 5 चा 10 टक्के झालाय आणि खाण्यावर जीएसटी वेगळा, त्यामुळे मेनूतला आकडा बघून हिशोब करू नका. सर्व्हिस चार्ज मात्र परस्पर लावलेला नव्हता, ते बघून बरं वाटलं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात टाकायचा नाही, तरी कितीतरी ठिकाणी असतोच. आणि हो, आपल्याकडे हार्ड लिकरला वय 25 पूर्ण लागतं, इथे दारातच आयडी बघतात, तेव्हा बरोबर ठेवा.

शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार-बुधवारी साडेसातच्या आत जा, फोन करून काउंटरच्याच खुर्च्या मागा, मागच्या टेबलांवर बसलात तर बारटेंडरशी बोलणं होत नाही आणि अर्धी मजा तीच आहे. सीएसएमटी आणि चर्चगेट दोन्ही चालत जाण्यासारखं आहे, त्यामुळे गाडी आणू नका.