नेडचं मरण पटलं, डेनेरिसचं नाही

'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेत नेड स्टार्क 2011 साली नवव्याच भागात गेला. हादरलो, पण चिडलो नाही. आपला बेत स्वतःच शत्रू असलेल्या राणी सर्सीला सांगून बसणारा सरळमार्गी माणूस. मरण त्याच्या स्वभावातूनच आलं. शेवटच्या क्षणी तो मुलगी आर्या जिथे होती त्या पुतळ्याकडे बघतो, ती तिथे नसते, आणि मग मान खाली घालतो. अजून काटा येतो.

आणि 2019ची डेनेरिस? गुलामांच्या बेड्या तोडणारी ही राणी शेवटच्या सीझनच्या पाचव्या भागात शरणागतीच्या घंटा ऐकूनही शहर जाळते, सहाव्यात तिचा प्रियकर जॉन तिला जवळ घेऊन खंजीर खुपसतो. मेली याचं दुःख नाही हो! पण आठ सीझन घडवलेली बाई दोन भागांत गुंडाळायची? शेवटच्या सीझनला भागच मुळी सहा. जॉनच्या आधी लेखकांनीच उरकलं तिला.