ग्रेव्हसँडचा बोर्ड घरी मागवला, त्याची हकीकत

सव्वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट होतो. निवृत्त झालो तरी हात शिवशिवतात. नात यंदा अकरावीत आहे. सदिशांची, म्हणजे दिशा असलेल्या राशींची, बेरीज तिला सूत्राने येते, पण बाण काढायला सांगितलं की वहीवर नुसते अंदाजपंचे फराटे. म्हणून ऑनलाइन १,३५० रुपयांना ‘पॅरलेलोग्राम ऑफ फोर्सेस’चा (बलांच्या समांतरभुज चौकोनाचा) सेट मागवला. लॅबमध्ये आम्ही त्याला ग्रेव्हसँडचा बोर्ड म्हणायचो. विलेम ’स ग्रेव्हसँड (१६८८–१७४२) हा लायडनचा डच प्राध्यापक. न्यूटनचं शास्त्र उपकरणं मांडून शिकवण्यात त्याचा हातखंडा होता.

खोक्यात निघालं ते असं: उभा लाकडी बोर्ड, वर दोन कप्प्या, पांढरा दोरा, तीन हँगर आणि बारा चकत्या. हँगरही ५० ग्रॅमचे, चकत्याही ५० च्या. दोरा दोन्ही कप्प्यांवरून सोडून दोन टोकांना एकेक हँगर आणि मधल्या गाठीला तिसरा टांगायचा. बाजूच्या दोन वजनांचे बाण दोऱ्यांच्या दिशेने काढून समांतरभुज चौकोन पुरा केला, की त्याचा कर्ण मधल्या वजनाइतका आणि उभा यायला हवा. ओळंबा नाही आणि आरशाची पट्टीही नाही. माहितीपत्रक एक पानाचं. त्यात हँगरचं वजन धरायचं, हे वाक्यच नाही! ही साधी चूक नव्हे. डावीकडे दोन, उजवीकडे तीन आणि मधे चार चकत्या टाकल्या, तर खरी वजनं १५०, २०० आणि २५० होतात. हँगर विसरला की पोरं १००, १५०, २०० धरतात आणि काटकोनात कर्ण येतो १८०. वीस ग्रॅम गेले कुठे, म्हणून तासभर डोकं खाजवतात. दरवर्षी निम्मी बॅच याच खड्ड्यात पडायची.

पहिल्या दिवशी मांडला. बोर्डावर ड्रॉइंग पेपर पिनांनी लावला, गाठ मधोमध आली. नात म्हणाली, “आबा, झालं की.” मी गाठ बोटाने दोन सेंटिमीटर वर उचलून सोडली, तर ती तिथेच थांबली. खाली ओढून सोडली, तर खालीच राहिली. म्हणजे कप्प्या अडकतात. तरीही मुद्दाम तिला तसंच काढायला लावलं.

दोऱ्याची खूण करायची तर डोळा नेमका समोर हवा. आरसा दोऱ्याखाली धरायचा, दोऱ्याने स्वतःचं प्रतिबिंब झाकलं की आरशाच्या दोन्ही कडांना टिंब द्यायचं. हिच्या आजीच्या पावडरच्या जुन्या डबीतला आरसा कामाला आला. मग कागद उतरवून रेघा जोडल्या. २० ग्रॅमला १ सेंटिमीटर असं प्रमाण धरलं. १५० चा बाण साडेसात सेंटिमीटर, २०० चा दहा. गुण्या लावून चौकोन पुरा केला आणि कर्ण मोजला: ११.६. म्हणजे २३२ ग्रॅम, आणि मधे टांगलेत २५०. दोन बाणांमधला कोन मोजला तर ९८ अंश, जिथे ९० यायला हवा (१५०, २००, २५० म्हणजे ३-४-५ चा काटकोन त्रिकोण). वरून कर्ण उभ्या रेषेतही नव्हता, किंचित डावीकडे कललेला. चूक नुसत्या आकड्यात नाही, दिशेतही दिसते, ही बाणांची खरी गंमत आहे. सूत्रात आकडे घालून हे कधी कळलं नसतं.

संध्याकाळी कप्प्या सोडवल्या. आसावर बुरशीसारखा गंज होता. बारीक पॉलिश पेपर मारला, शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. दोराही बदलला, सोबतचा केसाळ होता. चकत्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर नेल्या. अकरा ठीक निघाल्या, एक ४७ ग्रॅमची, ती बाजूला ठेवली. नंतर मांडलं तर कोन ९१, कर्ण १२.४, म्हणजे २४८. आता हाताने हलवली तरी गाठ मूळ जागी परत येते.

मग तिचा प्रश्न आला: पुस्तकात एकाच्या टोकाला दुसरा बाण जोडतात, इथे दोन्ही एकाच बिंदूतून कसे? त्याच कागदावर गुण्या पट्टीवरून सरकवून २०० चा बाण तसाच्या तसा उचलला आणि १५० च्या टोकाला नेऊन ठेवला. लांबी तीच, दिशा तीच. टोक बरोबर कर्णाच्या टोकावर येऊन बसलं. ती दोन मिनिटं काही बोलली नाही. नंतर तिनेच फाटकाचं कुलूप मधे टांगलं, दोन्हीकडे दीडशे ठेवले, कर्ण ९.३ सेंटिमीटर आला. म्हणजे १८६ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १८३. शाबास!

विकणाऱ्याला मी पाचपैकी तीन तारे दिले. लाकूड चांगलं सुकलेलं आहे, बोर्ड वाकत नाही, हँगरचे हुक पक्के आहेत. पण कप्प्या तेल न घालता पाठवणं, ओळंबा न देणं आणि पत्रकात हँगरचा उल्लेख टाळणं, हे मला पटलेलं नाही. घ्यायचा असेल तर आल्या दिवशी गाठ हलवून पाहा, परत येत नसेल तर कप्प्या आधी साफ करा. ओळंबा म्हणून दोऱ्याला बांधलेला नट चालतो. आणि कुलूप टांगणार असाल तर फाटक उघडं राहतं. आमच्याकडे शेजारच्यांची शेळी आत येऊन कढीपत्ता खाऊन गेली.