तुळशीबागेजवळील लोकरीचे दुकान: मोठ्या विणकामासाठी भरवशाचे

डबल बेडची चादर क्रोशाने विणायची म्हणजे काम महिनोन्महिने चालते, आणि त्यात खरा घात होतो तो रंगाच्या फरकाने. कारण एकाच छटेचा दोरा वेगळ्या लॉटमध्ये रंगवला गेला, तर तो किंचित फिका किंवा गडद उतरतो आणि जोड स्पष्ट दिसतो. पुण्यातील या छोट्या दुकानाचे मला विशेष कौतुक वाटते ते यासाठी, की प्रत्येक गुंड्याच्या वेष्टनावरील लॉट क्रमांक जुळवल्याशिवाय मालक माल देत नाहीत आणि सांगितल्यास त्याच लॉटचे आणखी गुंडे राखूनही ठेवतात. गोधडीसाठीचा जाड सुती दोरा उत्तम आहे. धावदोऱ्याच्या दाट ओळींतही तो विरत नाही. क्रोशाच्या बारीक सुया मात्र क्वचितच मिळतात. वेष्टन न काढलेले गुंडे ते परत घेतात, म्हणून थोडे जास्तच घ्यावेत.